ओळख न पटलेले सुटे भाग

४ जानेवारी

मामा,

फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला, आणि तुम्हाला ऐकू आलं ते एवढंच की कुणीतरी बाई बोलतेय. म्हणून हे पत्र. मी तुमची भाची. तीच, जिला तुम्ही फुटपट्टी म्हणायचात. आई गेल्यापासून तुमचं आणि अप्पांचं बोलणं बंद आहे हे मला ठाऊक आहे. त्या भांडणात मला पडायचं नाही. मला थोडी माहिती हवी आहे आणि ती देईल असा, लष्करी गाड्यांवर फिटर राहिलेला माणूस माझ्या ओळखीत तुम्ही एकटेच.

शेडमधला लष्करी ट्रक आठवतो ना? अप्पांनी पलटण सोडल्यावर लिलावात घेतलेला, ज्याला आई सवत म्हणायची? तो मी दुरुस्त करतेय. हसू नका. हसलात ना? असू दे.

झालंय असं. अप्पांची उजवी बाजू गेली तेव्हा मी पंप कारखान्यातली ड्रॉइंगची नोकरी सोडून इथे आले, दोन-चार महिन्यांसाठी. ते दोन-चार महिने अजून संपलेले नाहीत. अप्पा चाकाच्या खुर्चीत असतात. काही हवं असलं की डाव्या हातातल्या पान्याने खुर्चीचा दांडा वाजवतात. टण टण. मी आंघोळीला गेले की टण टण. घास तोंडात घातला की टण टण. दुपारी ते झोपतात तेवढ्यात मी दुकानात पळते आणि पळतच परत येते. चांगल्या चपलांवर बुरशी आली आहे, मामा. त्या घालून जायचं कुठे?

आता कारखान्याने मला परत बोलावलंय. आमचे साहेब निवृत्त होताहेत आणि त्यांच्या जागी त्यांनी माझं नाव सुचवलंय. एप्रिलच्या मध्यापर्यंत हजर व्हायचं, नाहीतर दुसऱ्याला घेतील. धाकटा भाऊ म्हणाला, ‘अप्पांना माझ्याकडे आण, आम्ही बघतो.’ बायकोला विचारून म्हणाला, त्या अर्थी खरं असावं. घोडं अडलं ते अप्पांपाशी. ते म्हणाले, ‘जाईन तर माझ्या ट्रकमधून जाईन. चालू कर आणि ने. शब्द देतो.’ अप्पा शब्दाचे पक्के आहेत, हे तुम्हीसुद्धा नाकारणार नाही. म्हणून मी कंबर कसली.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो मोठा लोखंडी गोळा असतो, त्याला कुणा अर्धवटाने पांढरा रंग दिलाय आणि वर नखाएवढा दिवा लावलाय. तो गोळा बघायला तिथे कोण जाणार होतं? दुसरं म्हणजे, इंजिनाच्या मागच्या बाजूला तळाशी एक भोक आहे. तेल भरल्यापासून त्यातून ठिबकत होतं. बाजूलाच एका पट्टीत बरोबर त्या मापाचा पितळी बोल्ट अडकवलेला सापडला, तो मी लावून टाकला. ठिबकणं थांबलं. चांगलं केलं ना?

दोन्हींची चित्रं सोबत आहेत. मापं मिलिमीटरमध्ये.

फुटपट्टी


१३ जानेवारी

फुटपट्टे,

आशीर्वाद नंतर. आधी तो बोल्ट काढ. पत्र खाली ठेव, काढून ये, मग पुढचं वाच.

काढलास? आता घे आशीर्वाद, पोतंभर. अगं, ते भोक ठिबकण्यासाठीच ठेवलेलं असतं! इंजिनातून थोडं तेल झिरपायचंच. ते बाहेर पडलं नाही तर आत साचतं आणि क्लचच्या चकत्या बरबटतात. मग तू गिअर टाकशील आणि गाडी जागची हलणार नाही. तो पितळी बोल्ट फक्त नदी-नाला पार करताना लावायचा, पाणी आत शिरू नये म्हणून. पलीकडे गेलं की पहिलं काम, बोल्ट काढून पट्टीत ठेवणे. तुझ्या अप्पांना हे पाठ असायला हवं. त्यांनी तुला सांगितलं नाही?

पांढऱ्या गोळ्याला अर्धवटपणा म्हणू नकोस. अंधारात ताफा निघायचा तेव्हा सगळ्यांचे दिवे बंद. मागच्या ड्रायव्हरने पुढची गाडी कशी ओळखायची? त्या नखाएवढ्या दिव्याचा उजेड गोळ्यावर पडतो. वरून विमानातल्या शत्रूला दिसत नाही, मागून पांढरा ठिपका तेवढा दिसतो. तो ठिपका धरून चालायचं. तुझ्या अप्पांइतकं सरळ चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. भांडण वेगळं आणि हे वेगळं. तसं ते स्थळ तुझ्या आईसाठी मीच शोधलं होतं, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही.

तुझी चित्रं बघून डोळे निवले. इथे दुसरं बघायला आहे काय? चौथा मजला, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे म्हणजे गंजलेले बिजागर. मुलगा-सून चांगली आहेत, फारच चांगली. ‘बाबा, तुम्ही कशाला उतरता, आम्ही आणतो ना!’ एकदा मी शेगडी चालू ठेवून झोपलो, तेव्हापासून कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावून जातात. काळजी म्हणून. मी खिडकीतून खालच्या गाड्यांचे आवाज ओळखायचो, आता कानांनी तेही बंद केलंय. तेव्हा आणखी भाग पाठव. चित्र पाठव, मी नाव सांगतो. चाळीस पावलं लांबून नट दाखवलास तरी कुठल्या गाडीचा ते सांगेन.

तुझा बहिरा मामा


२ फेब्रुवारी

मामा,

बोल्ट काढला. वाटीभर तेल बाहेर आलं. अप्पांना विचारलं, ‘तुम्हाला माहीत होतं ना?’ तर म्हणाले, ‘तू विचारलं नाहीस.’

काम पुढे सरकतंय. पेट्रोलची टाकी धुतली, त्यातून एवढा गंज निघाला की आणखी एक ट्रक झाला असता. ब्रेकच्या नळ्या बदलल्या. शेजारच्या वेल्डरने पायऱ्या जोडून दिल्या. आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, पण अप्पा मदत करताहेत! सकाळी मी त्यांची खुर्ची शेडमधल्या टेबलापाशी नेऊन लावते. ते डाव्या हाताने भाग पुसतात, मापाप्रमाणे डब्यांत टाकतात. डिस्ट्रिब्यूटरचं टोपण त्यांनी स्वतः साफ करून बसवलं आणि मला दम भरला, ‘याला हात लावायचा नाही, नाजूक असतं.’ इतक्या वर्षांत आम्ही दोघं एका टेबलाशी बसून असं काही केलं नव्हतं. बरं वाटतं. खोटं कशाला बोलू?

फक्त एक भानगड आहे. डब्यांतून असे भाग निघताहेत की ते कुठे बसतात तेच कळत नाही. एक झाला की दुसरा. अप्पांना दाखवला तर ते उलटासुलटा करून बघतात आणि म्हणतात, ‘असेल कुठलातरी. नीट शोध. तो बसल्याशिवाय गाडी निघायची नाही.’ माझ्या तर नाकी नऊ आलेत.

तीन चित्रं पाठवतेय. पहिला, एका टोकाला फाटा असलेला पोलादी दांडा, वीतभर लांब. दुसरा, पितळेचं बारीक दात्यांचं चक्र. तिसरा, काळी गोल चकती आणि तिच्याभोवती तारेचं वेटोळं. लवकर सांगा. कारखान्यातून पुन्हा विचारणा झाली, मी ‘येतेच’ म्हणून सांगून बसलेय.

फुटपट्टी


११ फेब्रुवारी

फुटपट्टे,

हातच्या काकणाला आरसा कशाला? एका नजरेत ओळखले.

पहिला दांडा गिअरबॉक्समधला. पुढच्या चाकांना ताकद द्यायची की नाही, ते ठरवणारा फाटा. तो नसेल तर चिखलात गाडी मान टाकील. दुसरं, पितळी चक्र, वेग दाखवणाऱ्या काट्याचं. तेही गिअरबॉक्सच्याच पोटात. तिसऱ्याने मला रात्रभर जागवलं. माझा अंदाज, हे बिनतारी संचाकडे जाणाऱ्या वायरीतलं असणार. काही गाड्यांवर गुप्त सामान चढवलेलं असायचं, त्याची माहिती आम्हा फिटर लोकांनाही देत नसत. तुझा ट्रक साधासुधा नाही हो!

गिअरबॉक्स खाली उतरवून उघड. कष्टाचं काम आहे, पण त्याला इलाज नाही. घाई करू नकोस, कागद पसरून भाग क्रमाने मांड.

सून विचारत होती, ‘बाबा, एवढं काय लिहिता?’ म्हटलं, सल्लागार म्हणून नेमणूक झालीय माझी.

मामा


६ मार्च

मामा,

गिअरबॉक्स उतरवला. तो माझ्या पायावर पडता पडता राहिला. उघडला, सगळे भाग मांडले, पुसले. तुमचा फाटा तिथे बसत नाही. तिथला फाटा तिथेच आहे, दुप्पट जाड. तुमचं चक्रही तिथलं नाही. सगळं परत बसवून वर चढवेपर्यंत फेब्रुवारी संपला.

त्यानंतर काय झालं ते ऐका. अप्पांच्या उशीचा अभ्रा उसवला होता. आईच्या शिलाई मशीनवर बसले, चाक फिरवलं, तर सुई हलेना. मशीन उताणं केलं. पोट रिकामं! तुमचा तो चिखलात गाडी ओढणारा फाटा आईच्या मशीनचा आहे, मामा. मग माझी ट्यूब पेटली. भिंतीवरचं घड्याळ जानेवारीपासून बंद आहे, मला वाटलं किल्ली संपली. त्याचं चक्र गायब. आणि तुमचं गुप्त बिनतारी सामान म्हणजे मधल्या खोलीतल्या पंख्याचा रेग्युलेटर. तरीच म्हटलं, पंखा एकाच वेगाने का भणभणतोय!

मी दुकानात जाते तेव्हा अप्पा झोपलेले असतात असं मी समजत होते. ते झोपत नाहीत. खुर्ची ढकलत घरभर फिरतात आणि एका हाताने सामान उघडतात. मी विचारलं नाही. विचारायचीच भीती वाटली. मला वाटतं, त्यांचं डोकं चळायला लागलंय. ट्रक कुठला, मशीन कुठलं, घड्याळ कुठलं, हे त्यांना कळेनासं झालंय. अशा माणसाला धाकट्याच्या दारात सोडून मी नोकरीला जायचं? आणि नाही गेले तर? परवा न्हाणीघराचं दार आतून लावून मी नुसती बसून राहिले. पाणीसुद्धा ओतलं नाही. बाहेर टण टण चालूच.

आणि एवढं करून गाडी सुरू होत नाही ती नाहीच. पेट्रोल येतंय, बॅटरी नवी आहे, इंजिन गरगर फिरतं, पण पेटत नाही. कॉइलच्या वायरीला निळी ठिणगी पडते. प्लगपाशी मात्र एकालाही नाही. इकडे आड, तिकडे विहीर. काय करू?

फुटपट्टी


१३ मार्च

बाळ,

आधी तुझी माफी मागतो. घड्याळाच्या चक्राला मी लष्करी म्हटलं आणि तुला पंधरा दिवस गाडीखाली झोपवलं. उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय. आणि त्याहून जास्त लागलं ते ताईच्या मशीनचं. त्याच मशीनवर तिने माझे शर्ट शिवले. त्यात हात घालायला त्या माणसाला काहीच कसं वाटलं नाही?

आता नीट वाच. तुझ्या अप्पांचं डोकं चळलेलं नाही. डोकं अगदी टिपटॉप चाललंय. भोळी ती तू, आणि तुझ्याहून भोळा मी. जो माणूस बरोबर मशीनचा फाटा निवडतो, गिअरबॉक्समधला वाटेल असा, तो चळलेला असतो का? ठिबकणारं भोक बंद केलंस तेव्हा तो गप्प का बसला? त्याने शब्द दिलाय आणि शब्द मोडता येत नाही. म्हणून गाडीच निघू नये याची सोय बघतोय. शब्दाचा पक्का माणूस असाच सुटतो.

ठिणगी कॉइलपर्यंत येते आणि प्लगपर्यंत जात नाही, म्हणजे मध्ये अडते. मध्ये काय आहे? डिस्ट्रिब्यूटर. ज्याच्या टोपणाला हात लावायचा नाही म्हणून तुला दम भरलाय. त्या टोपणाखाली अंगठ्याएवढा एक तुकडा असतो, रोटर. तो फिरत फिरत एकेका प्लगला ठिणगी वाटतो. टोपण उघड. तुकडा नसणार, पैज लाव.

तो कुठे असेल तेही सांगतो. आमच्याकडे शिस्त होती. ड्रायव्हर गाडी उभी करून लांब गेला की रोटर काढून खिशात टाकायचा. शत्रूच्या हाती गाडी लागली तरी त्याला ती नेता येऊ नये म्हणून. डाव्या खिशात, बटण लावून. काही ड्रायव्हर तर झोपतानाही काढून ठेवत नसत. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी तुझी गत झालीय.

तो झोपला असेल तेव्हा हळूच काढून घे आणि मोकळी हो. पाप लागलं तर माझ्या माथी.

मामा


२० मार्च

मामा,

टोपण उघडलं. आत तुकडा नाही.

त्यांची ती बाह्या नसलेली खाकी बंडी मी किती वेळा धुतली असेल! दर वेळी ते खिसा आधी स्वतः रिकामा करतात, काय काढतात ते दाखवत नाहीत. मला वाटायचं, आईचा फोटो असेल.

मी चोरला नाही. समोर बसून विचारलं, ‘अप्पा, खिशात काय आहे?’

‘काही नाही.’

‘रोटर आहे ना?’

त्यांनी डावा हात खिशावर ठेवला, लहान मूल खाऊवर ठेवतं तसा. म्हणाले, ‘त्या बहिऱ्याने सांगितलं काय? गाडी सोडून जाताना काढायचाच असतो. शत्रूने नेऊ नये म्हणून.’

‘इथे शत्रू कोण आहे, अप्पा? मी?’

त्यांचं बोलणं तसंही अडखळतं, आता आणखीच अडखळलं. म्हणाले, ‘धाकट्याकडे मी पाहुणा. पाहुणा किती दिवस गोड लागतो? त्याची बायको चांगली आहे, तोंडावर काही बोलणार नाही. मग मी कुणाला हाक मारायची? तू गेलीस की मी संपलो. सरळ सांगतो तुला.’

‘आणि मी राहिले तर मी संपते, त्याचं काय?’ मी ओरडले. शेजारी ऐकू गेलं असणार. वेल्डरचा आवाज बंद झाला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू म्हणाले, ‘माहीत आहे मला.’

माहीत आहे, मामा! त्यांना माहीत आहे! मला वाटत होतं, त्यांना कळत नाही म्हणून असं चाललंय. कळलं की सोडतील. आता काय करायचं? त्यांचा एक हात आणि माझे दोन. धरून ओढलं असतं तर मिळाला असता. मी उठले आणि चहा टाकला. त्यांच्या कपात साखर विरघळवून दिली, बशीत ओतला, फुंकर घातली. रोजच्यासारखा.

रोटर त्यांच्या खिशातच आहे. मला वाटतं, मी कारखान्याला नाही म्हणून कळवून टाकावं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. दमले मी.

फुटपट्टी


२७ मार्च

खबरदार, कारखान्याला काही कळवलंस तर!

पार्सल उघड. कापसात गुंडाळलेला काळा तुकडा म्हणजे त्याच मॉडेलचा रोटर. कुठून आणला? भंगार बाजारातून. कोणी आणला? मी स्वतः. रविवारी दोघं घरी होती, कुलूप नव्हतं. म्हटलं, शेजारच्या काकांकडे बसून येतो. आणि जिना धरला. बसून उतरलो गं, एकेक पायरी, ढुंगणावर घसरत, लहान पोरासारखा. खाली पोचल्यावर रिक्षावाल्याला मिठी मारावीशी वाटली. बाजारात एक जुना दुकानदार निघाला, त्याला गाडीचं मॉडेल सांगितलं. अर्धा दिवस डबे उपसले आम्ही. तेलाचा तो वास! मी रडलो की काय, दुकानदाराने खुर्ची दिली.

परत आलो तेव्हा इमारतीखाली सगळी जमलेली. मुलगा पांढराफटक पडला होता. मला पाठीवर घेऊन चार मजले चढला. आता रविवारीसुद्धा कुलूप. किल्ली सुनेच्या गळ्यात. तिला दोष देत नाही. पडलो असतो म्हणजे?

तुझ्या अप्पांनी खरं बोलून तुला बांधलंय. खोट्याशी भांडता येतं. तो आजारी आहे हे खरं, एकटा पडेल हे खरं, तुझ्यावर जीव आहे हेही खरं. हे सगळं खरं असूनही तू जायचंस. माझी सून रोज सकाळी मला सांगून कुलूप लावते, ‘बाबा, तुमच्यावर माया आहे म्हणून हो.’ माया आहेच. कुलूपही आहेच. मी सत्तरी ओलांडलेला म्हातारा आहे, माझं चालून जाईल. तुझं नाही चालायचं.

लाव तो तुकडा. कळव.

मामा


५ एप्रिल

मामा,

तुम्ही जिन्यावरून घसरत उतरलात हे वाचून मी हसले आणि मग बराच वेळ हसू थांबवताच येईना, तोंड दाबून बसले.

तुकडा तळहातावर ठेवून अप्पांना दाखवला. त्यांना न सांगता लावायचा नव्हता. त्यांनी बघितला. म्हणाले, ‘मूळचा नाही. पण चालेल.’

पहिल्याच झटक्याला लागली. शेड धुराने भरली, पत्रे थडथडले, शेजारचा वेल्डर पळत आला. मला वाटलं होतं, मला आनंद होईल. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसून राहिले. अप्पा धुरातून ओरडले, ‘दोन नंबरचा प्लग मार खातोय! कान नाहीत का तुला?’

रात्री जेवताना म्हणाले, ‘शब्द दिलाय. केव्हा निघायचं?’

मी अजून दिवस सांगितलेला नाही. जिभेवर येतो आणि परत जातो. तुम्हाला लिहिते.

फुटपट्टी


२९ एप्रिल

अगं,

एप्रिलचा मध्य उलटून गेला. पत्र नाही, चित्र नाही, प्लगचंही काही कळवलं नाहीस. मी रोज सुनेला विचारतो, ती रोज मान हलवते. कालपासून तर मी विचारायच्या आधीच ती मान हलवते.

निघालात का? रस्त्यात गाडी बंद पडली का? की निघालाच नाहीत? निघाली नसशील तरी लिही. मी रागावणार नाही. थोडा रागावेन.

पोस्टकार्डावर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिलंस तरी पुरे.

मामा


८ मे

मामा,

हो.

लिहायला उशीर झाला, कारण लिहायला बसले की हात थांबायचा. मी कारखान्यात हजर झाले. एका दिवसाने उशिरा, पण साहेब काही बोलले नाहीत. भाड्याची खोली आहे, टेबल मोठं आहे, खिडकी रस्त्यावर उघडते. मी जेवते तेव्हा कुणी दांडा वाजवत नाही. पहिल्या रात्री तरीही मी चार वेळा उठून बसले. आंघोळ मात्र पोटभर करते.

प्रवास चांगला झाला. अप्पा शेजारी बसले होते, पट्ट्याने बांधलेले, मांडीवर उशी. पहिले काही मैल नुसत्या शिव्या. क्लच असा सोडतात का, चढावर गिअर कोण बदलतं, तुला कुणी बाई म्हणावं की रेडा. मग खिडकीत कोपर टेकवून वारा घेत बसले. उतारावर एकदा म्हणाले, ‘बरी चालवतेस.’ मला वाटलं, हे असंच चालू राहावं, धाकट्याचं घर येऊच नये. ते तुमच्यापासून कशाला लपवू?

घर आलं. धाकटा आणि त्याची बायको फाटकात उभी. खालची खोली रिकामी करून ठेवली होती, खाट खिडकीपाशी लावली होती, अप्पांना लागते तेवढ्याच उंचीची. मी इंजिन बंद केलं. अप्पा उतरेनात. समोर काचेतून बघत राहिले. म्हणाले, ‘मला परत घेऊन चल.’

मी म्हटलं, ‘नाही, अप्पा.’

‘इथपर्यंत आलो. शब्द पाळला. आता चल.’

‘नाही.’

मामा, जन्मात त्यांना मी नाही म्हटलं नव्हतं. एकदा म्हटल्यावर दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं.

धाकटा पुढे झाला, पण ते म्हणाले, ‘तू नको. ही उतरवील.’ मग मी खाली उतरून त्यांच्या बाजूला गेले, रोजच्यासारखी. पट्टा सोडला. त्यांनी डावा हात माझ्या मानेमागून घातला, मी कमरेत धरून त्यांना खाली घेतलं, खुर्चीत बसवलं. खुर्चीत नीट बसले, पाय पायरीवर ठेवले, आणि हात मानेवरून निघेना. मी वाकलेलीच. ते सोडत नव्हते. धाकट्याची बायको तोंड फिरवून उभी राहिली. मी हात मागे नेला आणि त्यांचं एकेक बोट सोडवायला लागले. ताकद किती आहे अजून त्या हातात! एक सोडवलं की दुसरं घट्ट व्हायचं. मी रडत होते. तेही रडत होते. शेवटी एकच बोट राहिलं, माझ्या कॉलरमध्ये अडकलेलं. मी थांबले. मला वाटलं, आता माझ्याने होणार नाही, राहू दे, परत नेते.

तेव्हा ते माझ्या कानाशी म्हणाले, ‘जोरात ओढ. मला लागत नाही.’

मी ओढलं.

फुटपट्टी